ओळखपत्राचे फोटो आणि व्यक्तिचित्रे: चेहऱ्यावरून नजर हटवणाऱ्या गोष्टी कशा टाळाव्यात?

प्रश्न : संस्था कार्यकर्ती, सुभाषनगर, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील सुभाषनगर आणि जवाहरनगर भागातल्या चप्पल कारागिरांच्या एका छोट्या संस्थेचे कार्यालयीन काम मी पाहते. येत्या काही आठवड्यांत आम्हाला दोन कामे हातावेगळी करायची आहेत. एक म्हणजे सर्व सभासदांची नवी ओळखपत्रे तयार करायची आहेत आणि त्यासाठी प्रत्येकाचा पासपोर्ट साईजचा फोटो हवा आहे. दुसरे म्हणजे संस्थेच्या स्मरणिकेसाठी ज्येष्ठ कारागिरांची मोठी छायाचित्रे काढायची आहेत, आणि तीही शक्यतो ते आपल्या कामाच्या जागी बसलेले असताना. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून चपलेचे फोटो पुष्कळ छापले गेले, पण ती चप्पल ज्यांच्या हातून घडते त्यांचा नीट काढलेला एकही फोटो बहुतेक घरांत नाही. ही उणीव या निमित्ताने भरून निघावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

मागच्या वेळी प्रत्येकाने आपापला फोटो आणून दिला होता. कोणाच्या मागे देवाच्या चित्राचे कॅलेंडर आणि विजेचा मीटर, कोणाच्या खांद्यावर शेजारच्या माणसाचा अर्धा हात, तर पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत संपूर्ण चेहराच निळसर आलेला. एका योजनेच्या अर्जासोबत जोडलेले त्यांपैकी काही फोटो 'पार्श्वभूमी स्वच्छ नाही' एवढाच शेरा मारून परत आले. वयस्कर माणसांना त्यासाठी पुन्हा रोजगार बुडवून यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

आमच्याकडे चांगल्यापैकी एक मोबाईल आहे, एक ट्रायपॉड मिळू शकतो, आणि कार्यालयात उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली एक खोली आहे. खिडकीसमोरच्या भिंतीला खालच्या अर्ध्या भागात हिरवा ऑइलपेंट आणि वर पांढरा डिस्टेंपर आहे. एवढ्या साधनांत ओळखपत्राचे फोटो निर्दोष काढता येतील का? आणि कामाच्या जागी, जिथे चामड्याचे तुकडे, डबे, वायरी, पिशव्या असा सगळा पसारा असतो, तिथे काय ठेवावे आणि काय बाजूला करावे, हे कसे ठरवावे? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.


उत्तर : स्टुडिओ छायाचित्रकार, राजारामपुरी

ताई, आपल्याजवळची साधने पुरेशी आहेत. आधी ओळखपत्राविषयी लिहितो, कारण तिथे नियम स्पष्ट आहेत.

ओळखपत्र तपासणाऱ्याला काही क्षणांत एवढेच ठरवायचे असते की समोरची व्यक्ती आणि फोटोतली व्यक्ती एकच आहे की नाही. त्यासाठी चेहऱ्याची ठेवण, डोळे, नाक, ओठ, कान, हनुवटी आणि असल्यास तीळ किंवा व्रण एवढेच उपयोगी पडते. चौकटीत आलेली बाकी प्रत्येक गोष्ट नजरेला दुसरीकडे ओढते. अक्षरे दिसली की माणूस ती नकळत वाचू लागतो, चेहऱ्यापेक्षा उजळ डाग दिसला की डोळा आधी तिकडे वळतो, आणि डोक्यामागून गेलेली एखादी रेघ, मग ती खिडकीच्या चौकटीची असो वा दोन रंगांच्या सीमेची, डोक्याची कड तोडून टाकते. तुमच्या खोलीत हीच अडचण येणार आहे, कारण हिरवा आणि पांढरा रंग जिथे मिळतात ती रेघ स्टुलावर बसलेल्या माणसाच्या कानांच्या किंवा खांद्यांच्या आसपास येईल. शिवाय चकचकीत ऑइलपेंटवरून परतलेला प्रकाश गालांच्या कडांना आणि मानेला हिरवट झाक देतो. ताडपत्रीने चेहरे निळे झाले त्याचेही कारण असेच आहे: निळ्या ताडपत्रीतून गाळून येणारा प्रकाशच निळा असतो. संगणकावर ही झाक काढता येते, पण ती काढताना त्वचेचा मूळ रंगही पुष्कळदा बिघडतो. म्हणून ती भिंत पूर्ण झाका.

झाकण्यासाठी बिनछापाचे, न चमकणारे, जाड सुती पांढरे कापड घ्या, इस्त्री करा, वर दांडीला ताणून बांधा आणि खालच्या काठाला वजन लावा, म्हणजे चुण्या पडणार नाहीत. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे, पण फ्लेक्स चमकतो, त्यावर प्रकाशाचे पट्टे उमटतात आणि घडीच्या रेघा काही केल्या जात नाहीत. तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अंतर. बसणाऱ्याला पडद्याला टेकवून बसवू नका, पडद्यापासून किमान चार फूट पुढे बसवा. प्रकाश वरून साधारण ४५ अंशांच्या कोनात येत असेल तर चार फूट पुढे बसलेल्या माणसाच्या डोक्याची सावली पडद्यावर चार फूट खाली उतरते आणि चौकटीबाहेर जाते. पाठ टेकून बसलेल्या माणसाची सावली कानामागे काळ्या कडेसारखी चिकटून राहते, आणि माझ्या अनुभवात फोटो नाकारले जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. मात्र एकच लहान दिवा वापरणार असाल तर दुसरी अडचण लक्षात घ्या. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, त्यामुळे दिवा चेहऱ्यापासून चार फुटांवर आणि पडदा आणखी चार फूट मागे असेल तर पडद्यावर चेहऱ्याच्या मानाने चौथा हिस्साच प्रकाश पोहोचतो आणि पांढरे कापड राखाडी दिसू लागते. अशा वेळी कापड धुवायला काढू नका, पडद्यावर वेगळा दिवा टाका. मोठ्या खिडकीच्या प्रकाशात हा फरक बराच कमी जाणवतो.

तुमची खिडकी उत्तरेकडे आहे ही फार चांगली गोष्ट आहे. वर्षाचा बराच काळ तिच्यातून थेट ऊन येत नाही, मऊ आणि सारखा प्रकाश येतो. फक्त मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य कोल्हापुरात डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या बाजूने तिरपे आत येऊ शकते. त्या दिवसांत आकाश ढगाळ नसेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा लावावा. बसणाऱ्याचे तोंड थेट खिडकीकडे ठेवा, मांडीवर पांढरी ड्रॉइंग शीट धरायला द्या म्हणजे हनुवटीखालचा आणि डोळ्यांच्या खोबणीतला अंधार उजळेल, आणि खोलीतले ट्यूब व बल्ब बंद करा. दोन रंगांचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर आले की अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळा दिसतो.

मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. नाकाचे टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असते असे धरले, तर ४० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक कानांच्या मानाने जवळजवळ तीस टक्के मोठे येते आणि कान गालांमागे दडतात. तेच अंतर दीड मीटर केले की हा फरक आठ टक्क्यांवर येतो. म्हणून पाच फूट दूर राहा, मोबाईल ट्रायपॉडवर बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावा आणि मोबाईलमध्ये दोन पटींची वेगळी लेन्स असल्यास ती वापरा. सेल्फी कॅमेरा, ब्यूटी फिल्टर आणि मागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड हे तिन्ही ओळखपत्रासाठी बंद. काही मोबाईल सेल्फी आरशातल्यासारखी उलटी साठवतात आणि डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो. फिल्टर व्रण पुसतो. ओळख पटवण्याचे साधनच त्यामुळे नाहीसे होते.

एकदा जागा ठरली की स्टूल, ट्रायपॉड आणि पडदा यांच्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा आणि शेवटच्या माणसापर्यंत हलवू नका. पॅरिसच्या पोलीस खात्यात अल्फोन्स बर्टियाँ यांनी १८८० च्या दशकात ओळखीच्या छायाचित्रांना शिस्त लावली ती याच मार्गाने: ठरलेले अंतर, ठरलेला प्रकाश, समोरून एक आणि बाजूने एक फोटो. आजच्या पासपोर्टच्या फोटोंमागेही तेच तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात पार्श्वभूमी एकसारखी असावी, चेहऱ्यावर व मागे सावली नसावी, डोळे उघडे व तोंड मिटलेले असावे आणि चष्म्यावर चमक नसावी, असे सांगितले आहे. संस्थेच्या ओळखपत्राला हे नियम बंधनकारक नाहीत, पण ते पाळले तर तोच फोटो इतर अर्जांनाही चालून जातो.

स्मरणिकेच्या फोटोंसाठी मी एवढेच सुचवेन की कारागिराला मागच्या भिंतीपासून शक्य तितके पुढे घ्या आणि मागचे सगळे धूसर होऊ द्या. पसारा आपोआप विरघळतो.


उत्तर : निवृत्त चित्रकला शिक्षक, मंगळवार पेठ

ओळखपत्रासंबंधी छायाचित्रकार मित्रांनी जे लिहिले आहे त्यात मला काहीही बदलायचे नाही. स्मरणिकेच्या चित्रांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे, आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

मागचे सगळे धूसर केले की पसारा जातो हे खरे, पण त्यासोबत कारागिराची जागाही जाते. सुभाषनगरातला कारागीर आणि बँकेतला अधिकारी दोघेही सारख्याच तपकिरी धुक्यासमोर बसलेले दिसतील. ओळखपत्रात चेहऱ्याखेरीज काहीच नको असते, कारण तिथे ओळख पटवायची असते. व्यक्तिचित्रात माणूस सांगायचा असतो आणि त्याच्या हातातली चामडे कापायची रापी, भोके पाडायची आरी, मांडीवर ओढून घेतलेला चामड्याचा तुकडा, शेजारी ओळीने ठेवलेले तळ, अर्धी विणलेली वेणी हे सारे त्या माणसाचाच भाग असते. म्हणून बाजूला काय करावे हे ठरवताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न ठेवा: ही वस्तू या माणसाने आपल्या कामासाठी इथे ठेवली आहे, की ती सहज इथे येऊन पडली आहे? रापी पहिल्या प्रकारची. प्लॅस्टिकची पिशवी, मोबाईलचा चार्जर, पाण्याची बाटली, हेल्मेट, कोणा दुकानाची जाहिरात असलेले कॅलेंडर ही दुसऱ्या प्रकारची. देवाचा फोटो किंवा वडिलांची तसबीर भिंतीवर असेल तर कारागिराला विचारा. ती त्याला चित्रात हवी असेल तर राहू द्या, फक्त ती थेट डोक्याच्या वर येणार नाही अशी बैठक बदला, कारण डोक्यातून उगवलेली चौकट त्या तसबिरीचाही मान राखत नाही आणि माणसाचाही.

कोल्हापुरात ही दृष्टी नवी नाही. चित्रकार आबालाल रहिमान आणि चित्रकार व चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रकलेची जी परंपरा रुजली, तिच्यात आम्ही वाढलो. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत रंगवलेल्या सपाट पडद्यांच्या जागी खोली असलेले, प्रत्यक्ष उभारलेले नेपथ्य आणले, हे मला या संदर्भात नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे. माणसामागे जे दिसते ते खरे असेल तर माणूसही खरा वाटतो, ही जाण त्यामागे होती असे मी मानतो. त्याच काळात आणि नंतरही पुष्कळ वर्षे फोटो स्टुडिओंत महालाचे खांब, कमानी, बाग रंगवलेले पडदे असत, आणि शेतकरी असो वा कारकून, प्रत्येकजण त्यांच्यापुढे खुर्चीवर ताठ बसून फोटो काढून घेई. त्या फोटोंविषयी मला आदर आहे, कारण ती त्या माणसांची हौस होती. पण आज ते पाहताना नजर आधी त्या खांबांवर जाते, आणि आपला पणजोबा प्रत्यक्षात कुठे बसून काय काम करत होता हे त्यांतून कळत नाही.

व्यक्तिचित्र रंगवताना आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत असू की चित्रातला सर्वांत तीव्र विरोध, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांची भेट, चेहऱ्याजवळ व्हावी. मग मागे दहा वस्तू असल्या तरी चालतात, त्या मध्यम छटांत राहिल्या म्हणजे झाले. छायाचित्रात हे जागा बदलून साधता येते. कारागीर दारापासून चार पावले आत, दाराकडे थोडा तिरपा बसलेला असेल तर बाहेरचा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडतो आणि मागची भिंत सावलीत राहते. भिंतीवरच्या चपलांच्या माळा दिसतात, पण त्या मागेच राहतात. हेच जर दार कारागिराच्या पाठीशी आले तर उघड्या दाराचा पांढरा चौकोन चित्रावर कब्जा करतो आणि चेहरा काळवंडतो. छतातून येणारा उन्हाचा एखादा कवडसासुद्धा तसाच त्रास देतो. तिथे जुने पोते टाकून तो बंद करावा.

धूसरपणा अगदीच नको असे माझे म्हणणे नाही. मागच्या वस्तूंची कड मऊ व्हावी, पण त्या चपला आहेत हे कळले पाहिजे, इतपत तो असावा. मोबाईलचा पोर्ट्रेट मोड हे काम संगणकीय अंदाजाने करतो आणि तो अंदाज पांढऱ्या केसांच्या बटा, चष्म्याच्या काड्या, कानातले दागिने आणि आरीचे टोक अशा बारीक कडांवर चुकतो. कारागिराच्या चित्रात हत्याराचे टोकच पुसले गेले तर तो दोष मोठा आहे. तो मोड वापरू नये.

आणखी एक. कपड्यांच्या बाबतीत त्यांना नव्या कपड्यांत नटवून बसवू नका, असे सांगण्याचा मोह कोणालाही होईल, पण तसे सांगू नका. ज्यांना स्वच्छ सदरा घालून बसायचे आहे त्यांना तसे बसू द्या. फक्त छातीवर मोठी अक्षरे किंवा चित्र छापलेला टीशर्ट असेल तर तेवढा बदलून घ्या.


उत्तर : सेवा केंद्र चालक, गंगावेश

मी रोज ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम करतो, म्हणून फोटो पुढे कुठे अडतो त्याविषयी थोडे लिहितो.

बहुतेक संकेतस्थळांवर फोटोच्या फाईलला वजनाची मर्यादा असते. बँकांच्या भरती परीक्षांसाठी ती २० ते ५० केबी असते. जेपेग फाईल चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे छोटे चौकोन करून साठवते. ज्या चौकोनात काहीच नाही, नुसता एकसारखा पांढरा रंग आहे, त्याला जागा फार थोडी लागते. मागे पानाफुलांचा पडदा किंवा विटांची भिंत असेल तर त्या बारकाव्यांवरच बरीचशी जागा खर्च होते आणि फाईल ५० केबीत बसवताना चेहऱ्यावर चौकटी उमटतात. स्वच्छ पार्श्वभूमीचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही, पण मला तो रोज पडद्यावर दिसतो.

फोटो नंतर ॲपमध्ये टाकून मागचे कापून घेऊ असा विचार करू नये. कापताना कानाची कड, केसांच्या बटा आणि पदराचा काठ खाल्ला जातो आणि भोवती पांढरी किनार राहते. राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षांना फोटोचा ८० टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला आणि कानही दिसणारे असे फोटो मागतात, तिथे अर्धा कापलेला कान लगेच लक्षात येतो. कर्मचारी निवड आयोगाने तर अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर बसून फोटो देण्याची पद्धत सुरू केली आहे आणि त्यात टोपी व चष्मा चालत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठीही नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा घातलेला फोटो सहसा घेत नाहीत. तुमच्या सभासदांना यातले सगळे लागणार नाही, पण त्यांच्या मुलांना लागेल, म्हणून ज्याला चष्मा आहे त्याचा एक फोटो चष्म्यासह आणि एक चष्म्याविना काढून ठेवावा.

पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा घातला तर खांदे विरून जातात आणि मान हवेत तरंगल्यासारखी दिसते. येताना गडद, साध्या रंगाचे कपडे घालून या, असा निरोप आधीच द्यावा. बारीक रेघांचा शर्टही नको, लहान आकारात त्याच्यावर लाटांसारख्या रेघा दिसतात. खिशातले पेन, गळ्यातला मास्क, डोक्यावर चढवलेला गॉगल हे क्लिक करण्याआधी पाहून घ्यावे.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सरांचा 'ही वस्तू या माणसाने कामासाठी ठेवली आहे का' हा निकष मी आजच दोन घरी जाऊन पडताळून पाहिला आणि तो लगेच उपयोगी पडला.

काही अडचणी उरतात. आमच्या सभासदांमध्ये काही आजी आहेत, त्या डोक्यावरचा पदर कधीच खाली घेत नाहीत आणि त्यांना तसे सांगणे मला योग्यही वाटत नाही. काही आजोबा पांढरी गांधी टोपी काढायला तयार नसतात. दोघी-तिघींना ओळखपत्राच्या फोटोतही नथ हवी आहे. एका काकांची मान वयामुळे सतत हलते. या सर्वांचा मान राखून ओळखपत्राचा फोटो कसा काढावा?


उत्तर : स्टुडिओ छायाचित्रकार, राजारामपुरी

ताई, पदर खाली घ्यायला सांगण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, अट एवढीच असते की हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही गालांच्या कडांपर्यंत चेहरा मोकळा दिसावा आणि त्यावर कापडाची सावली नसावी. आजींना पदर केसांच्या सुरुवातीपर्यंत मागे सरकवून दोन्ही बाजूंनी कानांमागे घ्यायला सांगा, आणि हे काम त्यांच्या सुनेने किंवा नातीने करावे. काठाची जरी चमकत असेल तर काठ आत दुमडून घ्यावा.

टोपीबाबत मात्र आग्रह धरावा लागेल. पांढऱ्या पडद्यावर पांढरी टोपी दिसेनाशी होते आणि डोक्याचा वरचा भागच कापल्यासारखा वाटतो. आजोबांना आधीच सांगा की स्मरणिकेतला मोठा फोटो टोपी घालूनच काढायचा आहे. तिथे मागे सावलीतली गडद भिंत असल्याने टोपी अतिशय शोभून दिसेल. हे कळले की पुष्कळ जण ओळखपत्रासाठी टोपी आनंदाने हातात घेतात. नथीचेही तसेच आहे. ती वरच्या ओठाची कड झाकते आणि तिच्या मोत्यांवर प्रकाश चमकतो, म्हणून ओळखपत्राला चमकी आणि मोठ्या फोटोला नथ, असे ठरवावे. कोल्हापुरी साज चेहऱ्याच्या खाली राहतो, त्याची अडचण नाही.

मान हलणाऱ्या काकांना भिंतीला टेकवण्याचा विचार मनात येईल, पण त्याने सावली येईल. त्याऐवजी पाठ असलेल्या खुर्चीत बसवा, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवू द्या, खिडकीचा प्रकाश भरपूर असेल अशा वेळी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास बोलवा आणि एकापाठोपाठ पुष्कळ फोटो घ्या. प्रकाश भरपूर असला की मोबाईल शटरचा वेळ आपोआप कमी करतो आणि त्यांतले काही स्थिर येतातच. त्यांच्याशी बोलणारा माणूस बरोबर कॅमेऱ्यामागे उभा करा, म्हणजे नजरही सरळ राहील.

सगळ्यांना बसवण्याआधी पहिल्या एक-दोघांचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर या प्रत्यक्ष आकारात छापून पाहा. मोबाईलच्या पडद्यावर मोठा करून पाहिलेला फोटो नेहमी चांगलाच वाटतो, छापल्यावर पडदा राखाडी झाला आहे की नाही आणि केस मागच्या रंगात मिसळले आहेत की नाही ते कळते. फोटोवर नाव लिहू नका, फाईलला सभासद क्रमांक द्या. छपाईसाठी पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आकाराने व दर्जाने कमी होऊन पोहोचतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. पडदा बांधायला दांडी आणि स्टँड लागत असेल तर माझ्या स्टुडिओतून दोन दिवसांसाठी घेऊन जा, फक्त रविवारी लागणार असेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा.